शेजारच्या सीटवर कोण?

दहावीचा निकाल लागतो, अकरावीचा प्रवेश होतो आणि घरोघरी नवी बोलणी सुरू होतात. कॉलेज एका टोकाला, क्लास दुसऱ्या टोकाला, मधली बस भरून येते किंवा येतच नाही. रोजची रिक्षा परवडत नाही. आईला ऑफिस, बाबांची पहिली पाळी. मग कुणीतरी काका ठामपणे सांगतात, "अरे, बिनगिअरच्या गाडीला सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं. घेऊन टाका स्कूटर." आठवडाभरात हार घातलेली नवी गाडी दारात उभी राहते. मूल सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारतं आणि तिसऱ्या दिवशी मुख्य रस्त्याला लागतं.

काका सांगतात ते अर्धंच खरं असतं आणि राहिलेल्या अर्ध्यातच सगळी मेख आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या चौथ्या कलमानुसार सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांना दुचाकीचा परवाना मिळू शकतो. पण त्या दुचाकीचं इंजिन ५० सीसीपेक्षा मोठं असता कामा नये. आज शोरूममध्ये दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत, म्हणजे या मर्यादेच्या दुपटीहून मोठ्या. त्यांना गिअर नसला तरी सोळाव्या वर्षीच्या परवान्यावर त्या चालवता येत नाहीत. त्यासाठी अठरा पूर्णच व्हावी लागतात.

ही ५० सीसीची अट आली कुठून, हे समजायला जुने दिवस आठवावे लागतील. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना बाजारात आणली. पेडल मारून सुरू करायची, चढावर दमली तर पुन्हा पेडलचा हात द्यायचा, अशी ती सायकलची थोरली बहीण. शिक्षक, दूधवाले, बँकेतले कारकून, कॉलेजच्या मुली, सगळे तिच्यावरून फिरले. कायदा झाला तेव्हा अशा मोपेड रस्त्यांवर भरपूर होत्या आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात ती देणं कुणाला गैर वाटत नव्हतं. आता पेट्रोलवरची ५० सीसीची गाडी नव्याने विकत मिळणं जवळपास अशक्य आहे. गाडी गेली, पण तिच्यासाठीचं कलम कायद्यात राहिलं आणि त्याच्या आधाराने पालक आपल्या मनाची समजूत घालत राहिले.

विजेच्या स्कूटरबद्दलही असाच घोळ आहे. मोटर २५० वॉटपर्यंतची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटर असेल, तर त्या गाडीला परवाना लागत नाही. पण त्याहून ताकदीची गाडी, किंवा वेगाची मर्यादा काढून टाकलेली तीच छोटी गाडी, कायद्याने मोटार वाहनच ठरते. दुकानदाराने "लायसन्स लागत नाही" असं सांगितलं, तर पालकांनी कागदावरचे हे दोन आकडे स्वतः पाहून घ्यावेत.

अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर काय होतं, याची बहुतेक घरांतली कल्पना चौकातल्या पावतीपुरतीच असते. प्रत्यक्षात १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात १९९ अ हे नवं कलम आलं आहे. अल्पवयीन मुलाकडून वाहनाचा गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. "आम्हाला न विचारता किल्ली घेतली" हे सांगून सुटका होत नाही. गाडी पालकांच्या संमतीनेच वापरली, असं न्यायालय गृहीत धरतं आणि तसं नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकांवर येते. विम्याचंही तसंच. परवाना नसलेल्याच्या हातून कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. हे ओझं एखाद्या पगारदार कुटुंबाला जन्मभर पुरेल.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये एका पोर्शे मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दुचाकीवरचे दोन तरुण संगणक अभियंते गेले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं आहे. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं, तेव्हा देशभर संताप उसळला. तो संताप योग्यच होता. पण त्या चर्चेत श्रीमंती, पब आणि पोर्शे यांनीच सगळी जागा व्यापली. मोटारीची किंमत कमी असती आणि घर साधं असतं, तरी सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात किल्ली जाण्याची गोष्ट तितकीच गंभीर राहिली असती. आपल्या आळीतली स्कूटर आणि ती पोर्शे यांच्यात किमतीचा फरक प्रचंड आहे, पण किल्ली देताना घरात झालेला विचार बहुधा सारखाच असतो.

देशाचे आकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचं माप कळतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यातली १५ हजार २२४ महाराष्ट्रातली. देशभरातल्या ५० हजारांहून अधिक मृतांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. अठरा वर्षांखालच्या मृतांची संख्या साडेनऊ हजारांच्या घरात होती. ही सगळी मुलं गाडी चालवत होती असं नाही. कुणी पायी होतं, कुणी मागे बसलं होतं. पण साडेनऊ हजार म्हणजे रोज पंचवीसहून अधिक मुलं.

मग अठरा हा आकडा तरी पुरेसा आहे का? दिल्लीत २०१६ मध्ये एका मर्सिडीजखाली एक तरुण चिरडला गेला. चालवणाऱ्या मुलाला अठरा पूर्ण व्हायला अवघे चार दिवस बाकी होते. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने नकार दिला. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण त्या चार दिवसांनी तो मुलगा चांगला चालक झाला असता का? वाढदिवसाच्या केकबरोबर रस्त्याची समज येत नाही.

मेंदूचा अभ्यास करणारे सांगतात, की आवेग आवरणारा, परिणामांचा आधी विचार करणारा कपाळामागचा भाग सगळ्यात उशिरा पक्का होतो. ते काम विशीच्या मध्यापर्यंत चालू राहतं. सतरा-अठराच्या मुलाचे हातपाय आणि डोळे मात्र आईबाबांपेक्षा चपळ असतात. म्हणूनच तो स्टिअरिंग, क्लच, ब्रेक चार दिवसांत उचलतो आणि घरच्यांना वाटतं, पोरगा तयार झाला.

अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठातल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर मोटार चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की आणखी थोडं पुढे रेटायचं ते आपण ठरवायचं. जितकं पुढे जाल तितके गुण जास्त, पण मध्येच भिंत आली तर सगळं गेलं. तेरा ते सोळा, अठरा ते बावीस आणि चोवीसच्या पुढचे, असे तीन गट. एकेकट्याने खेळताना तिन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. पण बरोबरीचे दोघे शेजारी बसून बघायला लागले आणि चित्र पालटलं. सर्वांत लहान गटाने कितीतरी जास्त धोका पत्करला, अठरा ते बावीसच्या गटाचाही तोल ढळला. मोठ्यांवर मित्रांच्या असण्याचा परिणाम जवळपास झाला नाही.

हे निष्कर्ष आपल्याकडच्या 'ट्रिपल सीट'ला लावून बघावेत. एकटा जाताना खड्डा चुकवून, सिग्नलला थांबून जाणारा मुलगा मागे दोघे बसले की बसला कट मारतो. त्याला नियम माहीत नसतो असं नाही. त्या क्षणी त्याचा मेंदू मागच्या दोघांचं बघत असतो. तरुण चालकाचा खरा प्रश्न त्याच्या वयाबरोबरच त्याच्या शेजारी कोण बसलंय, हाही आहे.

जगातल्या काही देशांनी नेमका हाच धागा पकडला. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. तिथे आज सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो, पण शेजारी अनुभवी चालक हवाच. पुढच्या टप्प्यात एकट्याने चालवता येतं. तरी रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी काढायची नाही आणि अनुभवी माणूस सोबत नसेल तर मित्रमैत्रिणींना बसवायचं नाही. पूर्ण परवाना त्यानंतर. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे तिथे, पंचविशीच्या आतल्या शिकाऊ चालकाला १२० तासांच्या सरावाची नोंद वहीत करावी लागते. त्यातले २० तास रात्रीचे. सिडनीत स्थायिक झालेल्या मराठी आईवडिलांच्या कित्येक शनिवार-रविवारांवर या वहीचाच हक्क असतो. देवदर्शन, किराणा, कुणाकडे जेवायला जाणं, सगळ्या फेऱ्या त्या तासांत मोजल्या जातात.

स्वीडनचं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. तिथे परवान्याचं वय अठराच आहे. १९९३ मध्ये त्यांनी फक्त सरावाचं वय साडेसतरावरून सोळावर आणलं. अट एकच, शेजारी जाणकार प्रौढ हवा. ज्या मुलांनी ही सवलत घेतली त्यांचा परवान्यापूर्वीचा सराव सरासरी ११८ तासांवर गेला. पूर्वी तो चाळीस-पन्नास तासांच्या आत असायचा. पुढे त्यांच्या अपघातांची तुलना केली, तेव्हा जास्त सराव केलेल्यांचे अपघात स्पष्टपणे कमी निघाले. परवाना अठरालाच मिळाला, पण त्याआधीची दोन वर्षं कुणीतरी शेजारी बसलं होतं.

आपल्याकडे काय होतं? केंद्रीय नियमांत मोटार ड्रायव्हिंग स्कूलसाठी हलक्या वाहनाचा किमान अभ्यास ठरलेला आहे, २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे दहा तास. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी २९ तासांचा अभ्यासक्रमही आला, त्यात २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते. बहुतेक उमेदवारांना तीस दिवस म्हणजे मुदत भरण्याची वाट वाटते, ती सरावाची मुदत आहे हे कुणी सांगत नाही. गल्लीतल्या क्लासची गाडी रोज अर्धा तास येते. तिला शिक्षकाच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात आणि खरा ब्रेक तोच दाबतो. अर्धा तास गाडीत आधीचा विद्यार्थी मागे बसलेला असतो. मुदत भरली की आरटीओची तारीख येते, दुचाकीवाला आठचा आकडा पाय न टेकता काढतो, चारचाकीवाला गाडी पुढेमागे घेतो आणि घरी पेढे येतात.

त्या दिवसापासून शिकवणंही थांबतं. इथेच मोठी चूक होते. कॅनडा आणि अमेरिकेतल्या अभ्यासांत वारंवार आढळलं, की शिकाऊ काळात, शेजारी कुणी असताना अपघात फार कमी होतात. एकट्याने चालवायला लागल्यानंतरचे पहिले महिने सर्वांत धोक्याचे. कारण सोपं आहे. नव्या चालकाची नजर बॉनेटसमोरच्या थोड्याशा रस्त्यावर खिळलेली असते. मूरंट आणि रॉकवेल या अमेरिकन संशोधकांनी १९७२ मध्येच डोळ्यांच्या हालचाली टिपून दाखवलं होतं, की नवखे चालक गाडीच्या जवळचंच पाहतात आणि आरशांत कमी डोकावतात. लांबवर बघणं, उभ्या रिक्षाच्या पुढून कुणी आडवं येईल हे ओळखणं, बस थांब्याला लागली की तिच्यापुढून शाळकरी पोर धावेल हे धरून चालणं, हे दहा तासांत येत नाही. चाचणीत ते विचारलंही जात नाही.

म्हणून तयारी गाडीत बसण्याच्या खूप आधी सुरू व्हायला हवी. दहा-बारा वर्षांचं मूल सायकलवरून रस्त्याला लागतं तेव्हाच मागे वळून पाहणं, हात दाखवणं, वाहनांच्या वेगाचा अंदाज, या गोष्टी त्याच्या अंगात मुरतात. सायकल सोडून थेट स्कूटरवर चढलेल्या पिढीचा हा मोठा तोटा झाला आहे. चौदा-पंधराव्या वर्षी मोटारीत पुढे बसलेल्या मुलाला विचारावं, "आता पुढचा ट्रक काय करेल?" तो आधी चुकेल, मग अचूक सांगायला लागेल. हातात स्टिअरिंग न देता दिलेलं हे शिक्षण कायद्यातही बसतं आणि त्याला पैसा लागत नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना काढावा, लाल अक्षरातला 'एल' पुढेमागे लावावा आणि घाई करू नये. मोटारीत शेजारी परवानाधारक शिक्षक बसणं कायद्याने बंधनकारकच आहे. दुचाकीवर शिकाऊ असताना शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवता येत नाही, हे अनेक मुलांना ठाऊकच नसतं. पहिले दिवस मोकळ्या मैदानात. क्लच सोडताना गाडी बंद पडेल, पडू द्यावी. मग रविवारी सकाळची रिकामी वस्ती, मग बाजारपेठ, मग सिग्नलचे चौक. चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुढे काढणं दहा-वीसदा करून घ्यावं. शिकवणाऱ्याने ओरडू नये, ही सूचना बारीक वाटेल, पण घरातल्या शिकवणीचा शेवट बहुतेक वेळा आरडाओरड्यानेच होतो. जे आपल्याला जमणार नाही ते शांत स्वभावाच्या मावशीकडे किंवा काकांकडे सोपवावं.

वेगाचं गणित पोराला कागदावर करून दाखवावं. ताशी तीसच्या वेगाने गाडी सेकंदाला आठ मीटरहून थोडी अधिक जाते, साठला साडेसोळा मीटरहून अधिक. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर तीसच्या वेगाने आलेली गाडी ब्रेक दाबल्यावर पाचेक मीटरवर थांबते. साठला मात्र दहा नाही, वीस मीटर लागतात, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर चौपट होतं. म्हणजे एकूण तेरा मीटर आणि सदतीस मीटर. तेराव्या मीटरवर कुणी लेकरू रस्ता ओलांडत असेल, तर साठने येणाऱ्या गाडीचा ब्रेक तोवर लागलेलाही नसतो.

यानंतर खास आपल्या मुलखाचे धडे. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडा थर होतो, तेव्हा दुचाकीचा पुढचा ब्रेक एकटा दाबला की गाडी गेलीच. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची आणि उतरताना गाडी न्यूट्रल करायची नाही, खालच्या गिअरवर ठेवायची. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात गाळप हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या मागचा दिवा नसलेल्या चालतात. समोरून प्रखर दिवे मारत कुणी आलं, की त्या शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल असाच वेग ठेवायचा, हा धडा रात्री शेजारी बसूनच द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. अनेक घरांत मुलाला अठराव्या वर्षी मोटार शिकवली जाते आणि मुलीला "तुझं पुढे बघू" असं म्हटलं जातं. मग ती तिशीत, नोकरी-संसार सांभाळत, अनोळखी शिक्षकाकडून, आत्मविश्वासाची पडझड सोसत शिकते. रस्त्याचा अनुभव लवकर आणि आपल्या माणसाच्या सोबतीने मिळण्याचा हक्क तिलाही तितकाच आहे.

प्रत्येक अठरा वर्षांचं पोर तयार असतंच असंही नाही. रागात दार आपटणारा, दोन मिनिटं फोन खाली न ठेवणारा, अपुऱ्या झोपेने दिवसभर पेंगणारा मुलगा परवाना मिळाला म्हणून गाडीवर बसवू नये. वर्षभर थांबल्याने त्याचं काही बिघडत नाही. आणि ज्या वडिलांनी अठरा वर्षं उलट्या बाजूने गाडी घातली, फोनवर बोलत गाडी चालवली आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच जायचं म्हणून हेल्मेट घरी ठेवलं, त्यांच्या मुलाने वेगळं वागावं ही अपेक्षा फार मोठी आहे.

पालकांची अडचण खरी आहे, हेही मान्य करायला हवं. वेळेवर बस असती, क्लासला जायला सुरक्षित पदपथ आणि सायकलचा रस्ता असता, तर सोळा वर्षांच्या मुलाला स्कूटर देण्याची गरजच किती घरांना वाटली असती? कॉलेजांनी आणि क्लासचालकांनी आपल्या दारातल्या गाड्यांकडे डोळेझाक थांबवावी. अकरावीच्या वर्गाच्या फाटकाबाहेर दोनशे स्कूटर उभ्या असतात, तेव्हा त्यांतल्या किती चालकांना परवाना असू शकतो, हे तिथल्या प्रत्येकाला कळत असतं.

ज्यांच्या घरात यंदा कुणी अकरावीला गेलं आहे, त्यांनी त्याला बसचा पास आणि एक चांगली सायकल घेऊन द्यावी. ज्यांच्या घरात यंदा कुणी अठरा वर्षांचं झालं आहे, त्यांनी एक साधी वही आणावी आणि पुढच्या वर्षभरातले शंभर तास शेजारच्या सीटवर बसण्यासाठी राखून ठेवावेत. त्यातले वीस रात्रीचे असावेत, काही भर पावसातले. वही भरेपर्यंत मित्रांना गाडीत बसवायचं नाही, हे पहिल्या पानावर दोघांच्या सहीने लिहून ठेवावं.